पिस्तुलाची मूठ आणि हाताचे माप

हातोडीची किंवा कोयत्याची मूठ पारखायची असेल, तर ती एकदा आवळून पाहिली की पुरते. पिस्तुलाची मूठ अशी पारखता येत नाही, कारण तिथे हाताला एकाच वेळी दोन वेगळी कामे करायची असतात. तळहात, मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांनी शस्त्र घट्ट धरून ठेवायचे असते आणि त्याच क्षणी तर्जनीने, बाकीच्या हाताला पत्ता लागू न देता, चाप सरळ मागे आणायचा असतो. जॉन नेपियर या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये माणसाच्या हाताच्या पकडींचे दोन मूळ प्रकार सांगितले : जोराची पकड आणि नाजूक, नेमकी पकड. हातोडी धरताना पहिली लागते, सुई धरताना दुसरी. पिस्तूल मात्र एकाच हाताकडून दोन्ही मागते, आणि म्हणूनच त्याची मूठ हातात ‘बसते’ की नाही, हा केवळ आरामाचा प्रश्न राहत नाही.

या दोन कामांची फारकत किती अवघड आहे, हे कोणत्याही शस्त्राशिवाय अनुभवता येते. उजव्या हाताने स्वतःचे डावे मनगट मध्यम जोराने धरावे आणि तर्जनी सुटी ठेवून, चाप ओढल्यासारखी, सावकाश वाकवावी. तर्जनी वाकू लागली की बाकीची बोटेही नकळत थोडी आवळली जातात आणि तो दाब डाव्या मनगटाला स्पष्ट जाणवतो. बोटे वळवणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि त्यांचे लांब स्नायुरज्जू बोटांपर्यंत पोचतात. मधल्या बोटापासून करंगळीपर्यंतच्या खोल रज्जूंचा स्नायू बराचसा सामाईक असतो; तर्जनीचा भाग त्यामानाने स्वतंत्र असला, तरी पूर्ण सुटा नसतो आणि मेंदूकडून येणारे आदेशही एकेका बोटापुरते काटेकोर नसतात. तर्जनी ताणून किंवा तिरपी धरावी लागली, तर तिला जास्त जोर लावावा लागतो आणि शेजारच्या बोटांची ही साथ वाढत जाते. बेतशीर मूठ तर्जनीला तिच्या सोयीच्या जागी आणून ठेवते. तिचे खरे काम एवढेच आहे.

त्यामुळे मुठीचे सर्वांत महत्त्वाचे माप तिची जाडी नव्हे, तर मुठीच्या पाठीपासून चापाच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर होय, असे माझे मत आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या पाठीला जिथे टेकते, तिथून हे अंतर मोजतात. बऱ्याच पिस्तुलांत ते ७ सेंटिमीटरच्या आगेमागे असते. तर्जनी लहान असेल, तर तिचे नुसते टोक चापाला पोचते. मग माणूस नकळत हात मुठीभोवती फिरवून घेतो आणि बोट पोचवतो. इथेच गफलत होते. हात फिरला की नळी कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडांच्या रेषेत राहत नाही, मागे येणारा धक्का बेचकीऐवजी अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्यावर बसतो आणि प्रत्येक गोळीगणिक पकड थोडी सरकते. याउलट लांब बोट चापावर पार दुसऱ्या पेरापर्यंत जाते, बोटाचे बूड पिस्तुलाच्या कडेला घासते आणि चापाबरोबर पूर्ण शस्त्रच बाजूला ढकलले जाते.

हे ढकलणे क्षुल्लक वाटते, म्हणून थोडा हिशेब करून पाहू. समजा, चाप ओढायला अडीच किलोग्रॅम वजनाइतका जोर लागतो आणि पिस्तूल स्वतः एक किलोग्रॅमपेक्षा हलके आहे. बोटाची ओढ सरळ मागे न जाता अवघी १० अंश तिरपी गेली, तर त्या जोरापैकी सुमारे ४३० ग्रॅम वजनाइतका भाग आडवा पडतो, म्हणजे पिस्तुलाच्या वजनाच्या निम्म्याच्या जवळपास. पुढची आणि मागची नेम साधण्याची खूण यांच्यात १६५ मिलिमीटर अंतर असेल आणि त्या आडव्या जोराने पुढची खूण केवळ १ मिलिमीटर हलली, तर २५ मीटरवरच्या लक्ष्यावर गोळी सुमारे १५ सेंटिमीटर बाजूला लागते. नेमबाजाची दृष्टी उत्तम असली, श्वास आवरलेला असला, तरी त्याच्या हाताला न बसणारी मूठ ही चूक प्रत्येक वेळी, त्याच दिशेने घडवत राहते.

मूठ हवी तेवढी बारीक का करता येत नाही, याचे उत्तर तिच्या पोटात आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या चक्रात असतात, त्यामुळे मुठीत एका स्प्रिंगपलीकडे फारसे काही नसते आणि कारागिराला आकार देण्याची मोकळीक मिळते. कोल्टच्या १८७३ च्या रिव्हॉल्व्हरची नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली मूठ धक्का बसला की तळहातात मुद्दाम किंचित फिरते, आणि त्यामुळे मागचा घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा भाग, अंगठ्याच्या आवाक्यात येतो. स्वयंचलित भरणीच्या पिस्तुलात मात्र मूठ हीच काडतुसांची कोठी असते. प्रचलित ९ मिलिमीटर काडतुसाची पूर्ण लांबी सुमारे ३० मिलिमीटर असते आणि अमेरिकी .४५ काडतुसाची ३२ मिलिमीटरहून थोडी अधिक. मुठीची पुढून मागची खोली याहून कमी असूच शकत नाही. उलट तीत मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसांच्या पेटीच्या, भिंती, चौकटीचे धातू किंवा पॉलिमर आणि पाठीमागच्या यंत्रणेची जागा मिळवावी लागते. काडतुसे एका ओळीत रचली तर मूठ निदान रुंदीला सडपातळ राहते. १९३५ च्या ब्राउनिंग पिस्तुलासारखी ती दोन ओळींत नागमोडी रचली, की मॅगझिनमध्ये १३ काडतुसे मावतात, पण घेर वाढतो. लहान हातांची अडचण अशी थेट काडतुसाच्या लांबीतून आणि त्यांच्या संख्येतून जन्म घेते.

ही अडचण सैन्यांच्या लक्षात फार पूर्वी आली होती. जॉन ब्राउनिंग यांचे पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारले आणि पहिल्या महायुद्धाच्या अनुभवानंतर १९२० च्या दशकात त्याची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात चाप आखूड केला, चापामागे चौकटीच्या दोन्ही बाजूंना बोटासाठी खोलगट कापे दिले, पाठीचा खालचा भाग फुगीर केला आणि बेचकीवरचा धातूचा जिभेसारखा भाग मागे लांबवला. बारकाईने पाहिले तर यातल्या बहुतेक दुरुस्त्या हाताच्या मापाशी निगडित आहेत. पिस्तुलाची मूळ यंत्रणा तशीच राहिली.

इथे एक अडचण उभी राहते : माप कोणाच्या हाताचे घ्यायचे? अमेरिकी सैन्याच्या १९८८ च्या शरीरमापन पाहणीत पुरुषांच्या हाताची सरासरी लांबी सुमारे १९.४ सेंटिमीटर आणि स्त्रियांची सुमारे १८ सेंटिमीटर आढळली. हे आकडे उपयोगी आहेत, पण त्यांच्यावर विसंबून एक ‘सरासरी मूठ’ घडवणे ही मोठी चूक ठरते. गिल्बर्ट डॅनियल्स यांनी हार्वर्डमध्ये शिकत असताना सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांच्या हातांची मापे घेतली, तेव्हा सरासरीतून तयार झालेला हात त्यांच्यापैकी कोणाच्याच हातासारखा नव्हता. पुढे अमेरिकी हवाई दलासाठी त्यांनी ४,०६३ वैमानिकांची मापे तपासली आणि दहाही मापांत सरासरीच्या जवळपास बसणारा एकही वैमानिक त्यांना सापडला नाही. त्यांचा तो अहवाल १९५२ चा आहे. वीत सारखी असलेल्या दोन माणसांपैकी एकाचा तळहात लांब आणि बोटे आखूड असतात, तर दुसऱ्याचे नेमके उलट असते. पहिल्याला चाप दूर वाटतो आणि दुसऱ्याला त्याच मुठीत करंगळीसाठी जागा उरत नाही.

आताची पिस्तुले या प्रश्नाला बदलत्या भागांनी उत्तर देतात. १९९० च्या दशकातल्या वाल्थर पी-९९ मध्ये मुठीची पाठ बदलण्याची सोय आली आणि ग्लॉकने २०१० मधल्या चौथ्या पिढीत मूळ मूठ थोडी आखूड करून वर २ आणि ४ मिलिमीटरने अंतर वाढवणाऱ्या पाठी दिल्या. हेकलर अँड कॉखच्या पी-३० मध्ये पाठीबरोबर दोन्ही बाजूंचे पत्रेही बदलता येतात. या सोयींचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता कामा नये की पाठ बदलून मूठ मोठी करता येते, मूळ चौकटीपेक्षा लहान करता येत नाही. सर्वांत लहान हाताचा प्रश्न त्यामुळे तसाच राहतो. अमेरिकी सैन्याने २०१७ मध्ये निवडलेल्या सिग सावरच्या पिस्तुलात याहून मुळातला उपाय आहे : चाप आणि त्याची यंत्रणा हा एक वेगळा गाभा केला असून बाहेरची पूर्ण मूठच लहान, मध्यम किंवा मोठी घालता येते.

मुठीचा कल हा आणखी एक मुद्दा आहे. नळीशी काटकोन धरला, तर १९११ च्या पिस्तुलाची मूठ त्यापासून सुमारे १८ अंश, ग्लॉकची सुमारे २२ अंश आणि जर्मन लुगरची सुमारे ३५ अंश तिरपी असते. एका कलाची सवय झालेल्या हाताने दुसरे पिस्तूल उचलले की नळीचे तोंड वर किंवा खाली जाते, कारण मनगट आपल्या ओळखीच्या कोनातच थांबते.

हाताशी मुठीचे नाते सर्वांत जवळून पाहायचे असेल, तर क्रीडा-नेमबाजीकडे वळावे. तिथे अक्रोडाच्या लाकडाची मूठ एकाच माणसाच्या हातासाठी घडवली जाते. १० मीटर एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅम जोर लागलाच पाहिजे आणि मूठ मनगटाला आधार देणारी नसावी, असे नियम आहेत, पण त्या मर्यादेत नेमबाज दिवसेंदिवस कानस आणि पुट्टी घेऊन बसतो : तळहाताच्या खळग्यात थोडी भर घालायची, अनामिकेखाली थोडे घासायचे, खालचा टेकू अर्धा मिलिमीटर वर घ्यायचा. मग डोळे मिटून पिस्तूल उचलायचे, हात लक्ष्याच्या दिशेने स्थिर होऊ द्यायचा आणि डोळे उघडून पुढची खूण मागच्या खाचेत कुठे आहे ते पाहायचे. ती दर वेळी डावीकडे दिसत असेल, तर मनगट वळवून ती मध्यावर आणणे हा उपाय नसतो, कारण तेच मनगट साठाव्या गोळीपर्यंत दमलेले असते. कानस पुन्हा हातात घ्यावी लागते. आणि हात उबेने फुगतो, थंडीने आकसतो, म्हणून सकाळी बेताची वाटलेली मूठ दुपारी घट्ट लागली, तर जाणकार नेमबाज त्या दिवशी लाकूड घासत नाही. टेकूचा स्क्रू किंचित सैल करतो आणि पुन्हा डोळे मिटतो.