डांबरगोळे आणि तेल खाणारे जिवाणू : एक खुलासा

पावसाळा लागला की कोकणच्या किनाऱ्यावर समुद्रात सांडलेल्या तेलापासून बनलेले डांबराचे काळे गोळे येऊन पडतात आणि मेसेज फिरू लागतो: ‘प्रयोगशाळेतले तेल खाणारे जिवाणू पाण्यात सोडा, दोन दिवसांत समुद्र साफ!’

हे खरं नाही. तेल खाणारे जिवाणू समुद्रात मुळातच असतात. अल्कॅनिव्होरॅक्स या जिवाणूचं तर मुख्य अन्नच तेल. तवंग आला की ते आपोआप वाढतात. अडतं ते नायट्रोजन, फॉस्फरसपाशी: वाढीला ही पोषकद्रव्यं लागतात आणि तेलात ती पुरेशी नसतात. म्हणून तर १९८९मध्ये एक्सॉन वाल्डेझ या तेलवाहू जहाजातून झालेल्या गळतीनंतर अलास्काच्या किनाऱ्यावर खत फवारलं होतं.

गोळ्यांचं मात्र अवघड आहे. वरून वाळू चिकटलेली, आत घट्ट डांबर. हलके घटक आधीच उडालेले, उरलेले जिवाणूंनाही पचायला जड, त्यात आतपर्यंत प्राणवायू पोचत नाही. ते हातमोजे घालून उचलावेच लागतात, तेही वाळूखाली गाडले जाण्याआधी.