बडेजाव नेमका कोणासाठी?

जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाची संपत्ती रातोरात दुप्पट झाली, तरी आपली झोप उडत नाही. शेजारच्या दारात नवी गाडी उभी राहिली, की मात्र आपली जुनी गाडी डोळ्यांना खुपू लागते. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली याचं कारण मांडलं. आपण कितपत बरे आहोत हे मोजायला पक्कं माप नसेल, तर माणूस दुसऱ्यांकडे बघून स्वतःला मोजतो, आणि तेही आपल्या तोलामोलाच्या माणसांकडे बघून. लहान वस्तीत अशी माणसं जाता-येता भेटतात, त्यामुळे मोजमाप थांबतच नाही.

हे सिद्ध करणं सोपं नव्हतं. शेजारी राहणाऱ्यांची मिळकत आणि आवडीनिवडी मुळातच जुळत्या असतात. दोघांनी गाडी घेतली म्हणून एकाने दुसऱ्याचं बघून घेतली, असं म्हणता येत नाही. ही अडचण नेदरलँड्समधल्या एका लॉटरीने सोडवली. तिथे दर आठवड्याला एका पोस्टल कोडाला बक्षीस लागतं, आणि एका कोडात साधारण वीसेक घरं असतात. अभ्यास झाला त्या काळात त्या कोडातल्या तिकीटधारकांना दर तिकिटामागे १२,५०० युरो मिळत, शिवाय त्यांच्यातल्या एका घराला नवीकोरी बीएमडब्ल्यू. तिकीट न काढलेल्यांच्या हाती काहीच पडत नसे. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांपैकी एकाला घबाड, दुसऱ्याला शून्य, आणि वस्ती निवडली ती निव्वळ नशिबाने. संशोधकाला याहून चांगली संधी कुठली मिळणार?

पीटर कून आणि सहकाऱ्यांनी २०११ साली निष्कर्ष छापले. विजेत्यांच्या अगदी शेजारच्या, तिकीट न काढलेल्या घरांचा गाड्यांवरचा खर्च इतर बिनतिकीटवाल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाला. या घरांना एक पैसाही मिळालेला नव्हता. आणि ज्यांना बीएमडब्ल्यू लागली, त्यांच्यातल्या बहुतेकांनी ती विकून पैसे केले होते!

कॅनडातल्या लॉटरी विजेत्यांच्या शेजाऱ्यांवर झालेला अभ्यास याहून अस्वस्थ करणारा आहे. एकाचं बक्षीस जितकं मोठं, तितकं त्याच्या आसपासच्या घरांचं कर्ज आणि दिवाळखोरीचं प्रमाण पुढे वाढलेलं दिसलं. दिवाळखोरीच्या अर्जात मालमत्तेची यादी द्यावी लागते, म्हणून संशोधकांनी त्या याद्याही तपासल्या. मोठ्या बक्षिसांच्या शेजारी घर, गाडी, मोटारसायकल अशा चारचौघांना दिसणाऱ्या वस्तू वाढल्या होत्या. रोकड किंवा पेन्शनची पुंजी, जी कोणाला दिसत नाही, ती वाढली नव्हती. ऋण काढून सण म्हणतात तो हाच, फक्त इथे तो बँकेच्या कागदांवर उमटला आहे.

अशा माणसांना उधळे म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्यांना वस्तूंची हाव सुटलेली असते, असं हे पुरावे सांगत नाहीत. चारचौघांतलं आपलं स्थान घसरेल, ही धास्ती खरी असते आणि ती शरीरातही उतरते. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ साली २०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. लोक आपल्याला जोखत आहेत आणि परिस्थिती आपल्या हातात नाही, असे दोन्ही ताण एकत्र आले, की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सर्वाधिक वाढतं आणि उतरायलाही जास्त वेळ घेतं.

मग माणसाला हवं तरी काय असतं? कॅमेरॉन अँडरसन आणि सहकाऱ्यांच्या २०१२ सालच्या संशोधनात समाधानाचा संबंध श्रीमंतीपेक्षा रोजच्या उठण्याबसण्यातल्या लोकांकडून मिळणाऱ्या मानाशी घट्ट आढळला. व्यवस्थापनाचं शिक्षण संपवून नव्या गटात गेलेल्या विद्यार्थ्यांचा तिथला मान वाढला की समाधान वाढे, घटला की घटे. आणि हा मान गाडीवर मोजलेला नव्हता. सोबतच्यांना तुमच्याबद्दल किती आदर वाटतो, तुमचं किती ऐकलं जातं, यावर तो मोजला होता.