व्हिटॅमिन डी तपासणी : ग्रामीण विदर्भ

शरीरातील ड जीवनसत्त्वाचा साठा किती आहे हे पाहण्यासाठी केली जाणारी रक्ततपासणी. विदर्भातील तालुक्याच्या गावांमध्ये ती ‘डी-थ्री’ या नावाने ओळखली जाते. कंबर धरणे, टोंगळे (गुडघे) दुखणे, पायऱ्या चढताना मांड्यांतून बळ जाणे अशा तक्रारींसाठी ती लिहून दिली जाते. खासगी लॅबच्या संपूर्ण शरीर तपासणीच्या पॅकेजमध्येही ती असते, त्यामुळे काहीच त्रास नसलेल्या माणसाच्या हातीही हा आकडा येतो. तो कमी आला की घरात काळजी सुरू होते. प्रत्यक्षात हा आकडा एकटा फार थोडे सांगतो. माणसाचे वय, दुखण्याचे स्वरूप, आहार, मूत्रपिंडाची स्थिती आणि रक्त कोणत्या महिन्यात घेतले हे सोबत पाहिल्यावरच त्याला अर्थ येतो.

उन्हाच्या प्रदेशात कमतरता

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा भागातल्या माणसाला सूर्यप्रकाशाच्या जीवनसत्त्वाची कमतरता कशी होते, हा प्रश्न रुग्ण विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होते ते सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरणांमुळे. उष्णतेचा त्याच्याशी संबंध नाही. सूर्य खाली असताना हे किरण वातावरणातच अडतात. म्हणून सकाळच्या ज्या कोवळ्या उन्हात लहान मुलाला बसवण्याची पद्धत आहे, त्यात त्यांचे प्रमाण फार थोडे असते. जमिनीवरची सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हा, म्हणजे साधारण दहा-अकरा ते तीन या वेळात, ते पुरेसे मिळतात. उन्हाळ्यात नेमक्या याच वेळी उष्माघाताच्या भीतीने माणसे घरात असतात, आणि ते योग्यच आहे. काचेतून आलेल्या उन्हाचाही उपयोग होत नाही, कारण काच हे किरण अडवते.

शेतातल्या बाईकडे पाहिले तर उरलेले उत्तर मिळते. निंदणाला किंवा कापूस वेचायला वावरात जाताना ती लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवते आणि डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळते. पऱ्हाटीच्या बोंडांची टोके ओरबाडतात, पानांवर फवारणीचे औषध असते, ऊन भाजते. हा पेहराव गरजेतून आलेला आहे. पण दिवसभर उन्हात राहूनही तिच्या उघड्या त्वचेचा भाग तळहाताएवढाच राहतो. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य हे किरण शोषून घेते, त्यामुळे तेवढेच जीवनसत्त्व बनवायला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते. अन्नातून भरपाई जवळपास होत नाही. अंड्याचा बलक आणि मासे सोडले तर रोजच्या जेवणात ड जीवनसत्त्व नगण्य असते, आणि गावात रतिबाने मिळणाऱ्या दुधात ते वरून घातलेले नसते. पिशवीबंद दुधावर किंवा तेलाच्या पाकिटावर पोषणयुक्ततेची ‘+एफ’ ही खूण असेल तरच ते मिसळलेले समजावे.

आणखी एक दुवा सहसा दुर्लक्षित राहतो, तो कॅल्शियमचा. पश्चिम महाराष्ट्राच्या मानाने विदर्भात दूधदुभते कमी आहे. अनेक घरांत दूध चहापुरतेच येते. ज्वारी आणि डाळींमधील फायटेट हा घटक कॅल्शियम बांधून ठेवतो. आहारात कॅल्शियम सतत कमी पडले की शरीर ड जीवनसत्त्वाचा साठा लवकर वापरून संपवते. म्हणजे ज्या बाईच्या ताटात दूध, दही, तीळ, शेवग्याचा पाला यांतले काहीच नाही, तिची पातळी केवळ उन्हाच्या हिशोबाने लावता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ माणसाला रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६०० युनिट ड जीवनसत्त्व लागते.

नेमके काय मोजतात

त्वचेत तयार झालेले किंवा पोटातून आलेले ड जीवनसत्त्व आधी यकृतात जाते आणि तिथे त्याचे २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी बनते. याचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून साठ्याचा अंदाज त्यावरून येतो. पुढे मूत्रपिंडात त्याचे सक्रिय रूप, १,२५-डायहायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, तयार होते. नावातल्या सारखेपणामुळे कधी कधी चुकून हीच दुसरी तपासणी लिहिली जाते. ती महाग असते आणि इथे दिशाभूल करते. साठा आटत असताना कॅल्शियम सांभाळणारे पॅराथायरॉइड संप्रेरक वाढते आणि मूत्रपिंडाला जास्त सक्रिय रूप बनवायला लावते. त्यामुळे खरी कमतरता असूनही हा आकडा सामान्य, कधी वाढलेलाही, दिसतो. मूत्रपिंडाचे काही ठरावीक आजार आणि दुर्मिळ विकार सोडले तर ही दुसरी तपासणी लागत नाही. चिठ्ठीवर ‘२५-हायड्रॉक्सी’ लिहिले आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. हाताच्या शिरेतून थोडे रक्त घेतात आणि त्यातला रक्तद्रव वेगळा करतात. गडचिरोली, मेळघाट किंवा झरी-जामणीसारख्या दूरच्या भागात हा नमुना बहुधा मोठ्या शहरातील लॅबकडे जातो आणि रिपोर्ट यायला वेळ लागतो. हा घटक वेगळ्या केलेल्या रक्तद्रवात चांगला टिकतो, त्यामुळे केवळ लांबच्या प्रवासाने आकडा बिघडत नाही. रक्ताच्या पेशी नळीत फुटल्या असतील तर मात्र नमुना पुन्हा घ्यावा लागू शकतो. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तसे सांगावे. काही पद्धतींमध्ये त्यामुळे आकडा चुकतो.

रिपोर्ट वाचताना

पहिल्यांदा आकड्यापुढचे एकक पाहावे. भारतात बहुतेक लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर वापरतात, काही नॅनोमोल प्रति लिटर. पहिल्या एककातला आकडा अडीचने गुणला की दुसऱ्यातला मिळतो. ३५ नॅनोमोल म्हणजे अवघे १४ नॅनोग्रॅम. एकक न पाहता ३५ हा आकडा ‘तिसाच्या वर आहे, ठीक आहे’ म्हणून बाजूला ठेवला तर कमतरता हातातून निसटते. काही रिपोर्टांत डी-२ आणि डी-३ ही या जीवनसत्त्वाची दोन रूपे वेगळी छापलेली असतात. तिथे एकूण बेरीज धरायची.

सीमारेषांबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, आणि रिपोर्टवर ठळक अक्षरांत छापलेला ‘इनसफिशियंट’ हा शब्द त्या मतभेदाबद्दल काही सांगत नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये २० नॅनोग्रॅमची पातळी जवळजवळ सर्व लोकांच्या हाडांना पुरेशी मानली, आणि १२ च्या खाली कमतरतेचा धोका सांगितला. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरक-तज्ज्ञांच्या संस्थेने २० च्या खाली कमतरता, २१ ते २९ अपुरे आणि ३० पासून पुरेसे अशी वाटणी केली. बहुतेक लॅब अजून हीच वाटणी छापतात. २०२४ च्या नव्या मार्गदर्शिकेत मात्र सोसायटीने ३० चा हा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असे सुचवले. या नोंदीच्या लेखकाच्या मते २० ते ३० मधला आकडा आणि काहीही त्रास नाही, अशा माणसाला आजारी म्हणणे अन्यायाचे आहे. १० च्या खालच्या आकड्याकडे मात्र, त्रास असो वा नसो, दुर्लक्ष करू नये.

लॅब आणि पद्धत बदलली की एकाच रक्ताचे आकडेही थोडे बदलतात. एका ठिकाणी १८ आणि दुसरीकडे २२ आले तर त्यात फरक मानू नये. भादव्याच्या ढगांनंतर घेतलेले रक्त आणि उन्हाळ्यात घेतलेले रक्त यांचीही थेट तुलना करता येत नाही.

कमतरतेचा हाडांवर परिणाम झाला आहे का, हे सोबतच्या तपासण्यांवरून कळते : कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांची उलाढाल दाखवणारे विकर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) आणि गरज पडल्यास पॅराथायरॉइड संप्रेरक. ड जीवनसत्त्व फार कमी, फॉस्फरस उतरलेले, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथायरॉइड चढलेले, असे चित्र प्रौढात दिसले तर हाडे मऊ पडल्याचा संशय पक्का होतो. अशी बाई उकिडवी बसली की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठत नाही, चालताना डुलते, आणि नडगीवर बोट दाबले तर कळवळते. लहान मुलांत हाच विकार मुडदूस म्हणून दिसतो : मनगटे जाड होतात, पाय बाकतात, टाळू उशिरा भरते. तिथे मनगटाचा आणि गुडघ्याचा एक्स-रे रक्ताच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो. मुलांचे अल्कलाइन फॉस्फटेज वाढीमुळे मुळातच जास्त असते, ते मोठ्यांच्या मापाने वाचू नये. आईच्या शरीरात साठा नसेल तर अंगावर पिणाऱ्या बाळालाही तो मिळत नाही, आणि कॅल्शियम घसरून अशा बाळाला झटके येऊ शकतात. झटका आलेल्या बाळाला बाहेरची बाधा समजून घरी ठेवू नये, तडक रुग्णालयात न्यावे.

दुखण्याची इतर कारणे

विदर्भात हाडे दुखण्याची कारणे बरीच आहेत, आणि कमी आलेला डी-थ्री त्यांना झाकून टाकतो. यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आणि सोबत मान-पाठ ताठरलेली असेल तर ड जीवनसत्त्वाच्या पुड्यांनी भागणार नाही. पिण्याचे पाणी बदलावे लागेल. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, नागपूर, अमरावती या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्या रुग्णांत ड जीवनसत्त्वही अनेकदा कमी असते, पण त्यांच्या तीव्र कळा वेगळ्या कारणाने येतात आणि त्यांवरचे उपचार चालूच ठेवावे लागतात. चिकनगुनियानंतर महिनोन्महिने राहणारी सांधेदुखी, रक्तक्षय, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता ही कारणेही पाहावी लागतात. अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, मूत्रपिंडाच्या आजारांबद्दल लोक काळजीने बोलतात. मूत्रपिंडच दुबळे असेल तर सक्रिय रूप पुरेसे बनत नाही आणि उपचार वेगळे ठरतात, म्हणून तिथे क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तपासणी कोणी करावी

खासगी लॅबमध्ये या तपासणीला सहसा हजार रुपयांच्या आसपास किंवा जास्त लागतात. निंदणाला जाणाऱ्या बाईची ती तीन-चार दिवसांची मजुरी आहे. हाडांत खोल दुखणे आणि मांड्यांची कमजोरी, किरकोळ पडण्याने मोडलेले हाड, मुडदुसाची लक्षणे, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार, जुनाट जुलाब, फिटच्या किंवा क्षयरोगाच्या काही औषधांचा दीर्घ वापर, अशा वेळी हा खर्च सार्थकी लागतो. एरवी नाही. गरोदर बाई, एक ते अठरा वर्षांची मुले आणि पंचाहत्तरीपुढचे वृद्ध यांना तपासणी न करताही नेहमीच्या मात्रेत पूरक ड जीवनसत्त्व देता येते, असे २०२४ ची मार्गदर्शिका सांगते. गुंतागुंतीच्या रुग्णासाठी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये किंवा नागपूरचे एम्स हे पर्याय आहेत.

उपचार आणि फेरतपासणी

प्रौढाला साधारणपणे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, सहा ते आठ आठवडे देतात आणि नंतर कमी मात्रा चालू ठेवतात. हे जीवनसत्त्व तेला-तुपात विरघळणारे आहे, म्हणून ते जेवणानंतर किंवा दुधासोबत घ्यावे. सोबत कॅल्शियम पुरेसे हवे, नाहीतर आकडा सुधारतो पण हाड भरत नाही. हिवाळ्यात अकरा ते एकच्या दरम्यान हात-पाय उघडे ठेवून अर्धा तास उन्हात बसणे हा बिनखर्चाचा जोड उपाय आहे.

चूक होते ती मात्रेत. आठवड्याची पुडी रोज घेतली जाते, किंवा दुकानातून तीच चिठ्ठी दाखवून महिनोन्महिने आणली जाते; कधी एका ठिकाणी सहा लाख युनिटचे इंजेक्शन घेऊन दुसरीकडे पुड्याही सुरू होतात. जास्तीचे ड जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, शरीरात साठते. पातळी १५० नॅनोग्रॅमच्या वर गेली की रक्तातले कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, गुंगी ही लक्षणे दिसू शकतात आणि मूत्रपिंडाला इजा होते. अशा वेळी पुड्या ताबडतोब थांबवून कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासावे लागते.

फेरतपासणी तीन महिन्यांच्या आत करू नये. पातळी स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. शक्यतो त्याच लॅबमध्ये करावी आणि जाताना जुना रिपोर्ट, घेतलेल्या पुड्यांची रिकामी पाकिटे आणि इंजेक्शनची चिठ्ठी सोबत न्यावी, म्हणजे आजवर किती मात्रा पोटात गेली हे डॉक्टरांना मोजता येते.