ठरवायचे कुणी? समुद्रापारच्या प्रदेशांच्या स्वयंनिर्णयाची पार्श्वभूमी

मराठवाड्यात १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने भारताविरुद्ध थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती. १६ सप्टेंबरला ती पॅरिसमध्ये चर्चेला आली आणि दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. इंग्रज गेले, आता संस्थानाचे काय करायचे ते मीच ठरवणार, असा निजामाचा दावा होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेला ओ देऊन तुरुंगात गेलेल्या माणसांचे म्हणणे होते की हा हक्क रयतेचा आहे. जगभरात स्वयंनिर्णयाचा वाद याच मुद्द्यावर अडतो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेने वसाहती बाळगणाऱ्या देशांवर फार मोठे बंधन घातले नव्हते. तिथल्या लोकांचे हित पाहा, त्यांना स्वराज्याकडे न्या, अहवाल पाठवा, एवढेच. १९४६ मध्ये आठ देशांनी आपल्या ताब्यातल्या, स्वराज्य नसलेल्या ७२ प्रदेशांची यादी संयुक्त राष्ट्रांना दिली. पोर्तुगालने पुढे वेगळीच पळवाट काढली. १९५१ मध्ये घटना बदलून गोव्यासह आपल्या वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ ठरवले आणि १९५५ मध्ये सदस्य झाल्यावर आपल्याकडे वसाहतच नाही, असे कळवले. त्याच वर्षी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर त्याच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या.

१४ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा ठराव ८९ विरुद्ध शून्य मतांनी केला. ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल, अमेरिका यांच्यासह नऊ देश तटस्थ राहिले. दुसऱ्या दिवशीच्या ठरावाने तीन वाटा मान्य केल्या: स्वातंत्र्य, दुसऱ्या देशाशी मुक्त सहयोग (आपला कारभार राखून स्वेच्छेने त्याच्याशी जोडलेले राहणे), किंवा त्यात समान हक्काने विलीनीकरण. म्हणजे स्वयंनिर्णय म्हणजे स्वातंत्र्यच, असे नाही. अट एवढीच की निवड तिथल्या लोकांची हवी. पोर्तुगालची पळवाटही तेव्हाच बंद झाली, गोव्याचे नाव यादीत आले.

आज यादीत १७ प्रदेश उरले आहेत. त्यांतला न्यू कॅलेडोनिया, प्रशांत महासागरातला फ्रान्सच्या ताब्यातला प्रदेश, नीट पाहावा. १९९८ च्या नुमेआ करारानुसार तिथे तीनदा सार्वमत झाले. फ्रान्सपासून वेगळे होण्याच्या बाजूने २०१८ मध्ये सुमारे ४३ टक्के, २०२० मध्ये सुमारे ४७ टक्के मते पडली. अंतर घटत होते. २०२१ मध्ये कोरोनाने घरोघरी सुतक असताना कनाक या तिथल्या मूळ रहिवाशांनी मतदान पुढे ढकला म्हणून विनवले. फ्रान्सने ऐकले नाही. कनाकांनी बहिष्कार टाकला, आणि स्वातंत्र्याविरुद्ध ९६ टक्के मते पडली. अशा आकड्याला लोकमत म्हणणे मला पटत नाही. मे २०२४ मध्ये, बाहेरून नंतर येऊन राहिलेल्यांनाही प्रांतिक निवडणुकीत मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती पॅरिसमध्ये पुढे सरकली, तेव्हा बेट पेटले. आपल्याच भूमीत आपले मत बुडेल, ही कनाकांची भीती त्यामागे होती.

हिंदी महासागरातल्या चागोस बेटांची कथा याहून क्रूर आहे. १९६५ मध्ये ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली आणि दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ उभारण्यासाठी पुढच्या काही वर्षांत तिथल्या सगळ्या रहिवाशांना हुसकावून लावले. हे तोडणे बेकायदा होते, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. मे २०२५ मध्ये बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देऊन तळ ९९ वर्षे ब्रिटनकडे ठेवण्याचा करार झाला. त्याआधी हुसकावलेल्या बेटवासीयांचे मतदान घेतले गेले नाही.