एचसीसी: बोरघाटातून लवासापर्यंत

एचसीसी, म्हणजे हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी, 1926 ची. सुरुवातीची कामं म्हणजे बोरघाटातले रेल्वेचे बोगदे. संस्थापक वालचंद हिराचंद, सोलापूरचे, त्याआधी रेल्वेतल्याच एका माजी कारकुनाबरोबर पार्टनरशिपमध्ये ठेकेदारी करायचे, पुढे जहाजं विमानं मोटारी काय काय केलं ते सगळ्यांना माहितीये, सोडून देऊ. स्वातंत्र्यानंतर कोयना, इडुक्की, फराक्का अशी एकसे एक कामं. कोयनेला 1967 च्या भूकंपात भेगा पडल्या पण धरण उभं राहिलं, कंपनीचं नाव त्यावर बरीच वर्षं चाललं. मुंबईचा वांद्रे-वरळी सी लिंकही एचसीसीचाच, त्याचं डिझाइन मध्येच बदललं, खर्च वाढला, आणि 2004 ला व्हायचा पूल 2009 ला खुला झाला.

आता लवासा, म्हणजे पुण्याजवळ एचसीसीने वसवायला घेतलेलं खाजगी हिल स्टेशन, कारण आजची कंपनी कळायला तेच बघावं लागतं. खाजगी हिल स्टेशनचे नियम राज्याने 1996 लाच केले होते, 2001 मध्ये मुळशी-वेल्ह्यातली 18 गावं त्यात टाकली. इथपर्यंत ठीक म्हणू. पण 2008 ला सरकारने कंपनीच्याच उपकंपनीला तिथलं विशेष नियोजन प्राधिकरण करून टाकलं, म्हणजे बिल्डर तोच, प्लॅन मंजूर करणाराही तोच! समर्थक म्हणतात एवढं शहर वसवायचं तर परवानग्यांसाठी पुण्याला खेटे घालून कसं चालेल, मुद्दा अगदीच खोटा नाही, पण मग चुकीचं बांधकाम थांबवणार कोण? आणि तेही वरसगावच्या पाणलोटात, जिथलं पाणी पुणं पितं. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्राने पर्यावरण मंजुरी नाही म्हणून काम बंद करायला लावलं. कंपनीचं म्हणणं, प्रकल्प 1000 मीटर उंचीच्या खाली आहे, केंद्राची परवानगी लागतच नाही. वर्षभराने अटींवर पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळाली, पण त्याच सुमाराला यायचा असलेला लवासाचा 2000 कोटींचा आयपीओ (शेअर बाजारातली पहिली शेअरविक्री) गेला तो गेलाच. मूळ कंपनीलाही 2012 ला बँकांकडून कर्जाची फेररचना करून घ्यावी लागली. प्राधिकरणाचा दर्जा काढला 2017 ला, नऊ वर्षांनी, तोवर डोंगर कापून झाले होते. पुढच्याच वर्षी लवासा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं, घरांचे पैसे भरलेले लोक बँकांबरोबर दावे लावून बसले.

एचसीसी मात्र टिकली, परत ठेकेदारीवर आली. मुंबईच्या कोस्टल रोडचा सी लिंकला जोडणारा टप्पा तिच्याकडेच होता.