सापळ्यातले पतंग काय सांगतात

किडीच्या मीलनाच्या गंधाचं आमिष लावलेल्या कामगंध सापळ्यात ५० पतंग अडकलेले दिसले की वाटतं, तेवढी कीड कमी झाली. कॉडलिंग मॉथ, म्हणजे सफरचंद पोखरणाऱ्या अळीचा पतंग, याच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. सापळ्यात येतात ते नर. एक नर अनेक माद्यांशी मीलन करू शकतो, म्हणून निम्मे नर पकडले गेले तरी उरलेले साऱ्या माद्यांना पुरतात आणि अंडी जवळपास तेवढीच पडतात. या सापळ्याचं मोठं काम फवारणीची तारीख ठरवून देण्याचं आहे.

मादी पोटाच्या टोकाजवळच्या ग्रंथीतून गंध सोडते आणि नर वाऱ्याच्या उलट दिशेने उडत तिच्यापर्यंत पोचतो. असा गंध शुद्ध रसायन म्हणून प्रथम हाती लागला १९५९ मध्ये. अडॉल्फ बुटेनांट यांच्या गटाने त्यासाठी रेशीम पतंगाच्या सुमारे ५ लाख माद्यांच्या ग्रंथी वापरल्या होत्या. कॉडलिंग मॉथचा मुख्य गंध, कॉडलेमोन, १९७१ मध्ये ओळखला गेला. आज नेहमीच्या ल्यूरमध्ये, म्हणजे रबराच्या छोट्या बुचात, तो १ मिलिग्रॅम असतो.

डेल्टा सापळा, म्हणजे चिकट तळ असलेला त्रिकोणी सापळा, झाडं फुलायच्या आधी लावावा, साधारण हेक्टरी एक. जागा झाडाच्या वरच्या तिसऱ्या भागात, कारण मीलन शेंड्याकडे होतं. डोक्याच्या उंचीवर टांगलेला सापळा तपासायला सोपा, पण आकडा कमी दाखवतो. तोंडापुढची पानं काढून टाकावीत. पांढऱ्या सापळ्यात मधमाश्या जास्त अडकतात, नारिंगी रंग बरा.

पहिला पतंग दिसेपर्यंत सापळा रोज नाहीतर दिवसाआड पाहावा. एकच नर येऊन पुढे शुकशुकाट झाला तर तो धरू नये. सलग तपासण्यांत पतंग येऊ लागले की तिथून मोजणी सुरू. रोजच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढून त्यातून १० वजा करायचे. कमाल २४, किमान १२ असेल तर सरासरी १८, म्हणजे त्या दिवसाचे ८ अंश-दिवस. ही बेरीज साधारण १४० झाली की अंडी फुटू लागतात. अळी फळात शिरल्यावर वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून अळ्यांवरची फवारणी या सुमाराला हवी. ३१ अंशांच्या वर वाढीचा वेग वाढत नाही. कडक उन्हाळ्यात ही साधी सरासरी बेरीज फुगवते.

आकडा अचानक खाली आला तर आधी संध्याकाळचं तापमान पाहा. हा पतंग तिन्हीसांजेला उडतो आणि थंडीत बसून राहतो. मग चिकट तळ पाहा: पतंगांच्या पंखांचे खवले आणि धूळ बसली की पकड जाते. ल्यूर किती आठवडे चालतो ते पाकिटावर लिहिलेलं असतं. उन्हात तो लवकर संपतो.

कामगंधाने नियंत्रणही होतं, पण वेगळ्या वाटेने. हेक्टरी ५०० ते १००० डिस्पेन्सर, म्हणजे हळूहळू गंध सोडणारी साधनं, शेंड्याकडच्या फांद्यांवर, पहिल्या उड्डाणाच्या आधी बांधले की सगळ्या बागेत गंध पसरतो आणि नराला मादी सापडेनाशी होते. मोठ्या, सलग बागेत ही पद्धत उत्तम चालते, आणि मधमाश्यांना तिचा त्रास नाही. छोट्या बागेत मात्र ती फसते: शेजारून मीलन झालेली मादी उडत येते आणि थेट अंडी घालते. कडेला, उतारावर आणि झाडं मेलेल्या मोकळ्या जागी वारा गंध उडवून नेतो, तिथे डिस्पेन्सर दाट हवेत. आधीच्या हंगामात कीड जास्त असेल तर पहिल्या पिढीवर फवारणीही करावी, कारण गर्दीत नर-मादी गंधाशिवायही एकमेकांना गाठतात.

डिस्पेन्सर लावलेल्या बागेत साध्या ल्यूरचा सापळाही नरांना सापडत नाही, तो रिकामाच राहतो आणि त्या शून्यावर विसंबणारा फसतो. तिथे १० मिलिग्रॅमचा ल्यूर वापरतात, किंवा पेअरच्या वासातलं एस्टर हे रसायन मिसळलेला. या दुसऱ्या ल्यूरकडे माद्याही येतात.

फळमाशीचं गणित निराळं आहे. ओरिएंटल फळमाशीचे नर मिथाईल युजेनॉल या वनस्पतिजन्य रसायनाकडे इतक्या जोराने ओढले जातात की त्यात कीटकनाशक मिसळून भिजवलेले ठोकळे मोठ्या भागात टांगले तर नर जवळजवळ संपतात. १९६० च्या दशकात पॅसिफिकमधल्या रोटा बेटावरून ही माशी याच पद्धतीने हटवली गेली. हेही एकट्या बागेत नीट साधत नाही. आसपासच्या सगळ्यांनी एकाच वेळी ठोकळे टांगावे लागतात, कारण बाहेरून आलेल्या माद्या ठोकळ्याकडे फिरकतही नाहीत.

ल्यूर फ्रीजरमध्ये, प्रत्येक किडीचे वेगळ्या डब्यात ठेवावेत. एका किडीचा ल्यूर हाताळलेल्या हाताने दुसरा लावला तर गंध मिसळतात आणि सापळा नर पकडेनासा होतो, हातमोजे बदलावेत. जुने ल्यूर बागेत टाकू नयेत, तेही नरांना बोलावत राहतात. आणि सापळा काहीही सांगो, प्रत्येक पिढीनंतर शेंड्याची आणि कडेच्या ओळींतली फळं हातात घेऊन छिद्रं शोधायचीच.