जर्मन विक्रेत्यांच्या जुन्या घड्याळांचे कालनिर्धारण

जर्मनीतील सराफ व घड्याळजी यांनी आपल्या दुकानाच्या नावाने विकलेल्या खिशातल्या आणि मनगटी घड्याळांचा काळ अंदाजे ठरविण्याची पद्धत. तबकडीवरचे नाव बहुधा विक्रेत्याचे असते. आतले यंत्र स्वित्झर्लंडमधून किंवा जर्मनीतील ग्लासह्यूटे, ब्लॅक फॉरेस्ट, फोर्ट्सहाइम येथून आलेले असे. त्यामुळे कारखान्याच्या अनुक्रमांकांचा उपयोग थोडाच होतो. डबी (घड्याळाचे बाहेरचे कवच), तबकडी आणि यंत्र यांवरच्या खुणा एकमेकींशी ताडूनच काळ काढावा लागतो.

सर्वांत भरवशाची खूण मागच्या झाकणाच्या आत असते. १६ जुलै १८८४ च्या जर्मन कायद्यानुसार चांदीवर चंद्रकोर व राजमुकुट, सोन्यावर सूर्यवर्तुळातील मुकुट आणि शेजारी हजारांशांतील शुद्धता असा छाप ठरला. त्यासाठी चांदी किमान ८०० आणि सोने किमान ५८५ शुद्धतेचे असणे आवश्यक होते. छापाचा आरंभ काही जण १८८६, तर काही १८८८ मानतात. मतभेदाचे मूळ असे की छापाचे रूप १८८६ मध्ये निश्चित झाले, पण कायदा १ जानेवारी १८८८ पासून अंमलात आला. एखादी डबी त्याआधी छापली गेलीच नसेल असे म्हणता येत नाही. तरी १८८८ धरणे अधिक सयुक्तिक दिसते. हा छाप पुढेही चालू राहिल्याने त्यावरून घड्याळ साधारण त्याआधीचे नाही एवढेच कळते. स्विस डब्यांवर त्याच्या जोडीला ग्राउज पक्षी (८०० चांदी), अस्वल (८७५ चांदी) किंवा खार (१४ कॅरट सोने) दिसते. ही चिन्हे १८८० च्या स्विस कायद्यातली, प्रत्यक्षात १८८२ पासूनची. ‘अल्पाका’ असे कोरलेल्या डबीत चांदी मुळीच नसते. हा जर्मन सिल्व्हरचाच, म्हणजे तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रधातूचा प्रकार. मराठी घरांतली ‘जर्मनची भांडी’ मात्र ॲल्युमिनियमची, त्यांचा याच्याशी संबंध नाही.

तबकडीवरील गावाचे नावही बोलके असते. एल्बरफेल्ड व बार्मेन ही जर्मन शहरे १९२९ मध्ये एकत्र झाली आणि १९३० मध्ये वुपरटाल हे नाव आले. तेव्हा नुसते ‘एल्बरफेल्ड’ असलेले घड्याळ बहुधा त्याआधीचे. ब्रेस्लाउ, क्योनिग्सबर्ग ही शहरे १९४५ मध्ये जर्मनीच्या हातून गेली, म्हणून ही नावे त्यानंतर संभवत नाहीत. जर्मन दुकानाच्या नावाखाली ‘स्ट्रासबुर्ग’ असल्यास ते शहर जर्मनीत होते तो १८७१ ते १९१८ हा काळ प्रथम तपासावा. ‘दरबारी घड्याळजी’ ही पदवी राजेशाहीबरोबर १९१८ मध्ये संपली, पण जुना लौकिक म्हणून ती पुढेही मिरवली गेली असणे शक्य आहे. तबकडीवर १३ ते २४ हे आकडे जर्मन रेल्वेने १९२७ मध्ये चोवीस तासांची गणना स्वीकारल्याच्या सुमारास अधिक दिसू लागतात. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

यंत्रावर वा डबीवर ‘डी. आर. पी.’ (जर्मन पेटंट) असल्यास घड्याळ १८७७ नंतरचे, ‘डी. आर. जी. एम.’ (लहान सुधारणांसाठीची जर्मन नोंदणी) असल्यास १८९१ नंतरचे. दुसऱ्या प्रकारच्या नोंदणीचे संरक्षण तीन वर्षे, वाढवून सहा वर्षे मिळे. त्यामुळे शेजारी क्रमांक असेल तर काळ बराच आवळता येतो. युंगहान्स या जर्मन घड्याळ-कंपनीच्या खुणेतला पाचटोकी तारा १८८८ चा, आठटोकी १८९० चा.

मनगटी घड्याळांत संतुलन-चक्राजवळचा मूळ यंत्र बनवणाऱ्याचा शिक्का पाहतात. फोर्ट्सहाइमच्या ‘डुरोवे’ या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का १९३३ पूर्वी असू शकत नाही. इन्काब्लॉक धक्कारोधक १९३० च्या दशकातला, ‘वेस्ट जर्मनी’ हा उल्लेख १९४९ नंतरचा. ‘डुगेना’ हे घड्याळजींच्या सहकारी संस्थेच्या नावातील अक्षरांवरून बनलेले नाव, कारखान्याचे नव्हे.

तबकडी, काटे आणि डबी बदललेली असू शकते, म्हणून एकाच खुणेवर विसंबत नाहीत. दुरुस्ती करणाऱ्या घड्याळजींनी झाकणाच्या आत सुईने कोरलेले बारीक आकडे भिंगाखाली वाचता येतात. त्यांत महिना आणि साल स्पष्ट असेल तर घड्याळ त्या तारखेपूर्वी बनलेले ठरते. मात्र यांतले पुष्कळसे आकडे दुकानाच्या वहीतले अनुक्रमांक असतात.